कृपा म्हणजे उचल नव्हे

(बिलोली येथे संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, 'देवाची कृपा आणि माणसाचं आज्ञापालन'. तारण कृपेने मिळतं की आज्ञा पाळल्याने? आणि कृपेने मिळत असेल तर आज्ञा कशासाठी? धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना याच प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहिली होती आणि गुणही बरे पडले होते. पण या विषयाची खरी परीक्षा एका ऊसतोड करणाऱ्या बाईने माझी घेतली, आणि तिच्यात मी नापास झाले. ते आधी सांगते.

आपल्याच भागातल्या एका आदिवासी वस्तीवरची ही बाई. अर्धी तेलुगू, अर्धी मराठी बोलणारी. तिची दोन मुलं हंगामात फडावर जायची आणि तेवढे महिने शाळा बुडायची. त्या वर्षी आपण त्यांची राहण्या-जेवणाची सोय केली. निघायला उशीर होता, तेवढ्या दिवसांत ती रविवारी उपासनेला येऊ लागली. मागे, दाराजवळ बसायची. गाणं सुरू झालं की पदर सावरून उभी राहायची. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाहेर पडताना तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, अजून किती रविवार राहिले?"

मला कळलंच नाही. "कशाचे?" म्हटलं. तर म्हणाली, "लेकरांचे. फिटायला."

हे भाषण पुढे पत्रिकेत छापलं जाईल आणि मुंबई-पुण्याची मंडळीही वाचतील, म्हणून उचल म्हणजे काय ते थोडं सांगते. पावसाळा सरत आला की वस्तीवर मुकादम येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या जोडीला हंगामाच्या आधीच रोख रक्कम मिळते. ती उचल. पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचं आजारपण, घरावरचे पत्रे यांत ती तिथंच संपते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर येतात आणि टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. आपल्या जिल्ह्यात मुखेड-कंधारकडून तर गावंच्या गावं रिकामी होतात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. मजुरी टनावर. ताप आला, कंबर धरली, बाळंतपण आलं, तरी दिवस मोडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपल्यावर हिशोब होतो. पुष्कळांची उचल फिटलेली नसते. मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. उचल कामाच्या आधी मिळते. हातात पैसा पडतो तेव्हा माणसाने काहीच केलेलं नसतं. त्यामुळे वरून पाहिलं तर ती कृपेसारखीच दिसते. दोन्हींतला फरक कळतो तो नंतर, हिशोबाच्या दिवशी.

त्या बाईने आपल्याला मुकादम समजलं. तिचा काय दोष? आयुष्यात तिला कुणी आधी काही दिलं, ते नंतर कापून घेण्यासाठीच. आणि आपण तसं म्हटलं नसलं तरी माझ्या वहीत एक रकाना होता. मुलाचं नाव, वय, शाळा, पालकांचं नाव, आणि शेवटी 'उपासनेस हजेरी'. तो रकाना मीच आखला होता. कुणी सांगितलं नव्हतं. देणगीदारांना दाखवायला बरं पडेल, एवढाच विचार. ती बाई निरक्षर आहे, पण दर रविवारी मी तिच्याकडे बघून वहीत काहीतरी टिपते हे तिला दिसत होतं. मुकादमही असंच टिपतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. तिच्याविषयी वाटत होतं, पण त्याहून जास्त स्वतःविषयी. कारण मी स्वतः देवाशी असाच हिशोब ठेवत आले होते. सकाळची प्रार्थना चुकली की खाडा. दशांश थकला की खाडा. मुलाला ताप आला तर पहिला विचार, कुठला खाडा कापला गेला? आणि व्यासपीठावरून मी कितीदा म्हटलं आहे, "प्रभूने तुमच्यासाठी प्राण दिला, तुम्ही त्याच्यासाठी काय करता?" वाक्य खोटं नाही. पण ज्या सुरात मी ते म्हणत होते तो सूर मुकादमाचा होता.

पवित्र शास्त्रात मात्र क्रम वेगळा आहे. निर्गम काढा. इस्राएल लोक मिसरात विटा पाडत होते. आपल्याकडचे लोक विटभट्टीला जातात ना, तसंच. पाचव्या अध्यायात फारो त्यांचा पेंढा बंद करतो, पण विटांचा आकडा तेवढाच ठेवतो. भट्टीवर काम केलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. बाराव्या अध्यायात वल्हांडण होतं आणि देव त्यांना बाहेर काढतो. दहा आज्ञा कुठे आहेत? विसाव्या अध्यायात. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असं नाही. सुटका झाली, समुद्र ओलांडला, रानात मान्ना खाल्ला, आणि मग आज्ञा आल्या. त्याही कशा सुरू होतात? मी तुला दास्यातून बाहेर काढणारा तुझा देव, हे तो आधी सांगतो. भट्टीवरून सुटलेल्या माणसाने पुन्हा कुणाची भट्टी मांडू नये आणि स्वतःही पुन्हा विकलं जाऊ नये, यासाठी त्या आज्ञा आहेत. आठवड्यातला एक दिवस विसावा घ्या, तुमच्या चाकराला आणि जनावरालाही द्या, ही आज्ञा ज्याला कधी सुट्टी मिळाली नाही त्याला केवढी गोड लागली असेल! तिथे खाडा नाही.

आता मला पंडिता रमाबाईंविषयी बोलायचं आहे. आपण मराठी ख्रिस्ती लोक त्यांचं नाव अभिमानाने घेतो. पण त्यांच्या साक्षीतला जो भाग या विषयाला लागू पडतो, तो आपण घाईने ओलांडून जातो.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि सरळ मनाचे गृहस्थ. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरलं. व्रतं, उपास, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. जवळचं होतं ते दान करून टाकलं. मग १८७० नंतरच्या दशकातला दुष्काळ आला. अंगमेहनत माहीत नाही, भीक मागण्याची लाज, घरात दाणा नाही. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. सांगितलेलं सगळं पाळलं आणि आभाळ गप्प राहिलं, हा अनुभव त्या मुलीने अगदी कोवळ्या वयात घेतला.

हे मी हिंदू बांधवांना उणं लेखायला सांगत नाही. तसं कुणी ऐकलं असेल तर थांबा, कारण पुढे ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंचं तेच झालं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज इथल्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम इथलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे प्रेमाने सेवा होत होती. पतित म्हटलेल्या बाईशी कुणी असं वागतं, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिलं नव्हतं. हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली, योहानाचा चौथा अध्याय. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण गोष्ट संपवतो आणि टाळ्या वाजवतो. रमाबाईंनी स्वतः ती संपवली नाही. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. एवढं काम आपल्यापैकी कुणी केलं असतं तर आपली स्वर्गाची खात्री झाली असती. पण रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे सांगितलं की, त्या वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मन अस्वस्थ होतं. १८९१ च्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचलं. पाळकपणाची दीक्षा घेऊन, मंडळी चालवून कैक दिवस झाल्यावर त्याचा खरा पालट झाला होता. तेव्हा रमाबाईंना कळलं की आपल्याला काय उणं आहे. आपण अजून फेडत आहोत. जे फुकट मिळालं आहे ते अजून घेतलंच नाही.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं! मला याचं फार समाधान वाटतं, कारण माझ्या बाप्तिस्म्याला त्याहून जास्त वर्षं झाली आहेत. मेथोडिस्ट परंपरेतल्या मंडळींना जॉन वेस्लीचं आठवेल. दीक्षित पाळक, कडक शिस्तीचा, समुद्र ओलांडून जॉर्जियात सुवार्तेला जाऊन आलेला माणूस, आणि मन निश्चिंत झालं ते परत आल्यावर, २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनमधल्या एका छोट्या सभेत. कुणीतरी रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होता, एवढंच.

पण कृपा कळल्यावर रमाबाई हात जोडून बसल्या का? खरं काम तर नंतरचं आहे. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. ज्या बाईने रानातला पाला खाल्ला होता, ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आली. केडगावला जमीन होती, तिथे १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात तिथली संख्या सुमारे दीड हजारांवर गेली. आणि हे बघा, तिथे कुणी फुकट बसलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. रमाबाई कामाच्या बाबतीत चांगल्याच कडक होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणलं, त्याचे खिळे मुक्तीतल्या बायका-मुलींनीच जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तोवर त्यांच्या हातचं काम पुरं झालं होतं, ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळात उचलून आणलेली पोर ज्या हातांनी खिळे जुळवत होती, ते हात कुणाची उचल फेडत नव्हते. तेच हात आणि तेच कष्ट फडात दिसले तर आपण त्याला वेठ म्हणू.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. शारदा सदनात धर्माची सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठलं आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. यात कुणाचं किती बरोबर, यावर आजही लोक भांडतात. मला त्यातलं उघडं दार पटतं. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही, आणि दारात वही घेऊनही त्या बसल्या नाहीत.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, ताई, तुमचं ऐकून लोक म्हणतील, कृपा आहे ना, मग कशाला पाळायच्या आज्ञा? म्हणतातच. आपल्या मंडळ्यांत कृपेवरची गाणी डोळे मिटून म्हणणारे लोक लग्नात हुंडा घेतात, भावाच्या बांधावरून कोर्टात जातात, शेतावरच्या आदिवासी गड्याची मजुरी दिवाळीपर्यंत थकवतात. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती देवाच्या कानी जाते. या लोकांना कृपा जास्त झाली असं मला वाटत नाही. त्यांना ती मिळालेलीच नाही. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात बाप दोन मुलांना मळ्यात जायला सांगतो. एक "जातो" म्हणतो आणि जात नाही. दुसरा आधी नाही म्हणतो आणि नंतर जातो. येशू विचारतो, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं? येशूने आज्ञापालन कुठेही सैल केलेलं नाही. उलट डोंगरावरच्या प्रवचनात ते मोशेपेक्षा आत, मनापर्यंत नेलं आहे.

इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण आठव्या-नवव्या वचनापर्यंत पाठ करतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. दहावं वचन मात्र सोडून देतो. तिथे पौल म्हणतो की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात घडवलं आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर तो एका दमात दोन्ही बोलतो. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणारा आणि ती पुरी करून घेणारा देवच तुमच्या ठायी काम करतो आहे. 'कारण' या शब्दावर बोट ठेवा. माणूस अर्धं करतो आणि देव अर्धं, अशी ही वाटेकरी शेती नाही. देव करतो आहे, म्हणून माणूस करू शकतो.

या प्रश्नावरून सोळाव्या शतकात मंडळी दुभंगली, रक्त सांडलं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे लुथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथोडिस्टही त्यात आले. आपल्या पुण्याईवर नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा मन नवं करून सत्कृत्यांसाठी बोलावतो, असं त्यांनी मिळून म्हटलं. सगळे वाद मिटले नाहीत. पण आज इथे कॅथलिक ताई आणि मेथोडिस्ट भाऊ एका सतरंजीवर बसले आहेत, त्यांनी एवढं तरी एकमेकांना सांगावं.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरी एक गोष्ट बघा. तो परत येताना बोलायचं वाक्य पाठ करून येतो: मला तुमच्या मोलकऱ्यांपैकी एक करून ठेवा. म्हणजे तो उचल मागायला आला होता. बाप त्याला ते वाक्य पुरं करू देत नाही, मध्येच अंगरखा मागवतो. आणि थोरला? तो कधी घराबाहेर गेलाच नाही, पण तोही म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली आणि करडूसुद्धा मिळालं नाही. घरातल्या घरात तो हजेरी मांडत बसला होता. दोघेही मुलगे, आणि दोघांनाही आपण मजूर आहोत असं वाटत होतं. मला नेहमी वाटतं, त्या जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा शेतावर गेला असेल. शास्त्रात हे नाही, माझं आपलं वाटणं आहे. पण गेला असणारच. आणि त्याला तिथे कुणी पाठवलं नसेल.

आता आमच्या कामाविषयी, म्हणजे ज्यासाठी तुम्ही पैसे देता त्याविषयी.

'उपासनेस हजेरी' हा रकाना मी खोडला. त्या बाईला वस्तीवर जाऊन सांगितलं, एकही रविवार राहिलेला नाही, पहिलाही राहिलेला नव्हता. तिचा विश्वास बसला नाही. नवऱ्याला विचारलं, शेजारणीला विचारलं. मग ती रविवारी यायची बंद झाली. हे मी लपवत नाही. टोळी गेली, मुलं आपल्याकडे राहिली, शिकली. एका जुन्या हितचिंतकांनी मला विचारलं, मग आपल्या हाती आलं काय? त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी त्यांना म्हटलं, मुलांचं वर्ष वाचलं. ते म्हणाले, ते ठीक, पण फळ? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत आला एक. बाकीच्या नऊ जणांचं कुष्ठ काही परत आलं नाही.

हंगाम संपल्यावर ती बाई आली. पदरात गुळाचा खडा बांधून आणला होता. मुलांना भेटली, स्वयंपाकघरात शिरली आणि कुणी न सांगता ढीगभर भांडी घासायला बसली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बसू दे वो ताई, लेकरं इथंच जेवत्यात की." ती ख्रिस्ती झालेली नाही. होईल की नाही हे मला माहीत नाही, आणि ते माझ्या वहीत लिहायचं नाही.

यंदाही दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. आपल्याकडे किती मुलं राहतील हे ट्रॅक्टर आल्यावरच कळेल, कारण आया शेवटच्या दिवसापर्यंत मन बदलतात. लहान अंगाच्या चादरी आणि थंडीतले कपडे लागतील. आणखी एक. ज्या दिवशी मुलं सोडून आया निघतात, त्या दिवशी आपल्यापैकी चार-पाच जणी तिथे याव्यात असं वाटतं. मुलं रडतात, आयाही रडतात, आणि आम्ही दोघी-तिघी कमी पडतो. ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर मला सांगा. नाव लिहून घेणार नाही, लक्षात ठेवीन.